डांबर, चिंधी आणि भट्टीचा माथा

ट्रंकेतल्या कपड्यांत आपण ज्या पांढऱ्या गोळ्या टाकतो त्यांना आपल्या आया डांबराच्या गोळ्या म्हणतात. गोळी पांढरीशुभ्र आणि डांबर काळंकुळकुळीत, तरी नाव खरं आहे. गोळी नॅप्थालीनची, आणि नॅप्थालीन निघतं दगडी कोळशाच्या डांबरातून. कॉलेजातल्या पुस्तकाला जे सांगायला दोन पानं लागतात ते आपल्या बायांच्या तोंडी एका शब्दात आहे.

पण आपल्या बोलण्यात एक घोळही आहे. दोन वेगळ्या वस्तूंना आपण डांबरच म्हणतो. एक कोळशाचं. कोळसा बंद भट्टीत हवा न लागू देता भाजला की त्यातून गॅस निघतो आणि गॅसबरोबर हे डांबर. दुसरं खनिज तेलाचं. तेल तापवून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतलं की बुडाशी जो दाट काळा गाळ उरतो तो अस्फाल्ट. सडकेवर आज बहुतेक हे दुसरंच पसरतात. दोन्ही काळी, दोन्ही चिकट, दोन्हींतून पाणी जात नाही. पण कोळशाचं डांबर माणसाला फार जास्त मारतं. पुढचं वाचताना हा फरक ध्यानात ठेवायचा.

हा लेख अमेरिकेतल्या डांबरी छपराबद्दल आहे. कुणी म्हणेल, आपल्या वस्तीवर धड पत्रा नाही आणि हा अमेरिकेच्या छपराचं काय सांगत बसलाय. सांगतो. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं आणि काळ्या लोकांच्या वतीने युनोकडे जो अर्ज गेला होता त्याच्या प्रती मागवल्या. नातं जुनं आहे. आपण त्यांचं नाव घेतलं, घोषणा घेतल्या, कविता वाचल्या. पण तिथला काळा माणूस सकाळी कारखान्यात शिरला की कुठल्या खात्यात जाऊन उभा राहायचा, हे आपण फारसं विचारलं नाही. मी गिरणीतला माणूस आहे. मला आधी खातं दिसतं.

छपरावर पहिलं डांबर आलं ते जहाजावरून, आणि ते कोळशाचंही नव्हतं, तेलाचंही नव्हतं. ते पाइनच्या झाडाचं होतं. लाकडी जहाजाच्या फटी बुजवायला आणि दोरखंड कुजू नयेत म्हणून ते लागायचं. इंग्रजांच्या आरमाराला ते उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या जंगलातून जायचं. पाइनची लाकडं रचून त्यावर माती लिंपायची आणि आतल्या आत धुमसत ठेवायची. खालच्या चरातून डांबर पाझरत बाहेर यायचं. पुढे जंगलं मोठमोठ्या मालकांच्या हातात गेली तसं हे काम गुलामांच्या गळ्यात पडलं. १८६५ साली गुलामी कायद्याने संपली. पण पाइनच्या जंगलातल्या टर्पेंटाइनच्या छावण्यांत काळा मजूर कर्जाने बांधलेलाच राहिला. पीठ-मीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर, आणि उधारी फिटेस्तोवर छावणी सोडायची नाही. सालगडी म्हणजे काय हे ज्याच्या घरात ठाऊक आहे त्याला हे फोड करून सांगायला नको.

कोळशाचं डांबर नंतर आलं, आणि आलं ते उकिरडा म्हणून. १८१२ साली लंडनमध्ये कोळशाच्या गॅसवर दिवे लावणारी कंपनी निघाली. मग हा गॅस शहरोशहरी गेला. मुंबईतही १८६५ साली रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. गॅस विकला जायचा, पण मागे उरलेल्या डांबराचं करायचं काय? नदीत सोडा, खड्ड्यात ओता. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात १८४० च्या दशकात वॉरन बंधूंनी हा फेकून दिलेला माल छपरासाठी उचलला. सपाट छपरावर डांबर पाजलेल्या जाड कागदाचे थर एकावर एक अंथरायचे, दोन थरांच्या मध्ये गरम डांबर ओतायचं आणि सगळ्यात वर बारीक खडी पसरायची. कौलापेक्षा स्वस्त, लाकडी फळ्यांपेक्षा आगीला बरं. शहरं वाढत होती, कारखान्यांना मोठमोठी सपाट छपरं लागत होती. धंदा बसला.

आता हा जाड कागद कशाचा? इथं माझे कान टवकारले. तो चिंध्यांचा. त्याला ते फेल्ट म्हणतात. जुने फाटके सुती आणि लोकरीचे कपडे कापून, कुटून, पाण्यात लगदा करून कागदासारखे लाटायचे. म्हणजे गिरणीत जे कापड विणलं, ते कुणीतरी अंगावर घातलं, फाटलं, दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याने पांघरलं, शेवटी रस्त्यावर पडलं. तिथून चिंध्या वेचणाऱ्याच्या पोत्यात. न्यू यॉर्कसारख्या शहरात हे काम परदेशातून आलेली फाटकी माणसं करायची, इटालियन, ज्यू, जर्मन.

चिंध्यांच्या बाजारातही वरची आणि खालची प्रत होती. पांढरी स्वच्छ सुती चिंधी लिहायच्या कागदाला जायची. रंगीत, मळकी, तेलकट, लोकर मिसळलेली, कशालाच न चालणारी चिंधी छपराला. त्या व्यापाऱ्यांच्या भाषेत सगळ्यात हलक्या मालाचं नावच 'छपराची चिंधी' असं होतं. वेद लिहायचा कागद वेगळ्या चिंधीचा आणि पाऊस अडवायचा कागद वेगळ्या चिंधीचा. आणि पाऊस अडला नाही तर वेद भिजतात, एवढं मी माझ्या पदरचं सांगतो. आपल्याकडे या पोत्याखाली कोण आहे हे पुण्यातल्या बायांना विचारा. १९९३ साली तिथं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातल्या बहुतेक बाया आपल्याच.

माल बनतो कसा ते आता नीट बघू. गिरणीत सायझिंग पाहिलेल्या माणसाला हे पटकन कळेल. तिथं ताण्याचं सूत गरम खळीच्या हौदातून जातं, खळ पितं आणि सुकून बाहेर निघतं. इथं खळीच्या जागी डांबर आणि सुताच्या जागी चिंध्यांचा फेल्ट. फेल्टचा भला मोठा रोल एका टोकाला लावतात. एक रोल संपला की दुसऱ्याचं टोक जोडतात. जोडणी होईस्तोवर मशीन थांबू नये म्हणून मध्ये फेल्ट वरखाली झोळ्यासारखा लोंबत साठवून ठेवलेला असतो. मग तो हौदात उतरतो. आतलं डांबर दोनशे अंशांच्या वर तापलेलं. फेल्ट स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते दुप्पट डांबर पितो. एवढ्यावर थांबलं तर तयार होतो तो साधा डांबरी कागद. गुंडाळला, विकला. अमेरिकेतल्या गरिबाचं छप्पर आणि कित्येकदा गरिबाची भिंतसुद्धा हीच.

चांगल्या मालाला पुढचे हात लागतात. तेलातून निघालेला कच्चा अस्फाल्ट मऊ असतो, भर उन्हात छपरावरून ओघळून खाली येईल. म्हणून उंच टाकीत तो साधारण अडीचशे अंशाला तापवतात आणि त्यातून तासन्‌तास हवा फुंकतात. हवेतल्या प्राणवायूने तो घट्ट होत जातो, इतका की नंतर तो शंभर अंशाच्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही. हवा फुंकायची ही रीत अमेरिकेत १८९० च्या दशकात धंद्यात आली आणि इथून छपरात कोळशाच्या डांबराची जागा तेलाचं डांबर घेऊ लागलं. या घट्ट डांबरात चुनखडीची पूड मिसळतात, तीही थोडीथोडकी नव्हे, वजनाने निम्म्याहून जास्त. हा लेप पाजलेल्या फेल्टवर दोन्ही अंगांनी चढतो. वरच्या अंगावर, लेप गरम असतानाच, दगडाचे रंगीत कण सांडतात आणि रुळाखाली दाबून बसवतात. हे कण नुसते शोभेचे नाहीत. उन्हातल्या जळत्या किरणांपासून तेच डांबराला वाचवतात. खालच्या अंगाला बारीक वाळू नाहीतर शंखजिऱ्याची पूड, म्हणजे गठ्ठ्यात एकाला एक चिकटत नाही. मग पाण्याने आणि थंड रुळांवरून निववायचं, पात्यांनी कापायचं, गठ्ठे बांधायचे.

कापून कौलासारखे तुकडे करायची कल्पना मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरातल्या हेन्री रेनॉल्ड्स या छपराच्या ठेकेदाराची. १९०३ साली त्याने डांबरी रोल कापून तुकडे केले. त्यांना शिंगल म्हणतात, आपण डांबरी कौल म्हणू. आज अमेरिकेतल्या बहुतेक घरांवर हेच आहे. फक्त आत चिंधी राहिली नाही. आधी तिच्यात लाकडाचा भुसा आणि रद्दी कागद मिसळायला लागले, पुढे १९८० च्या दशकापर्यंत काचेच्या तंतूंच्या जाळीने तिला जवळजवळ हाकलूनच दिलं.

माल झाला. आता माणसांकडे येतो.

छपराला कोळशाचं डांबर लागायला लागलं तसा गॅसच्या कारखान्यांचा उकिरडा पुरेना. पोलादाला कोक लागतो, म्हणजे भाजलेला कोळसा. जुन्या भट्ट्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या घुमटाच्या, त्यात गॅस आणि डांबर जळून हवेत जायचं. १८९३ साली न्यू यॉर्क राज्यात सिरॅक्यूज इथं अमेरिकेतल्या पहिल्या नव्या पद्धतीच्या भट्ट्या बांधल्या गेल्या, ज्यात डांबर, गॅस, अमोनिया सगळं पकडून ठेवता येतं. पहिल्या महायुद्धापर्यंत पोलादाच्या मोठ्या कारखान्यांपाशी या भट्ट्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. टनभर कोळशामागे साधारण तीस-चाळीस किलो डांबर. उकिरड्याचा माल आता तोलून मोजून विकला जाऊ लागला. त्यातून छपराचं डांबर आलं, रंग आले, औषधं आली, आपल्या ट्रंकेतली गोळी आली.

कोळसा कुठून आला तेही बघा. दक्षिणेत अलाबामा राज्यात सरकार तुरुंगातले कैदी खाणमालकांना भाड्याने द्यायचं. कैदी बहुतेक काळे. गुन्हा काय? तर कामधंदा नसताना रस्त्यावर फिरला, जुगार खेळला, दंड भरायला पैसे नव्हते. ८ एप्रिल १९११ रोजी बॅनर नावाच्या खाणीत स्फोट झाला. १२८ माणसं मेली, त्यातले बहुतेक काळे कैदी. कैदी भाड्याने देण्याची ही पद्धत अलाबामाने सगळ्या राज्यांत शेवटी, १९२८ साली बंद केली.

१९२८ साल मी मुद्दाम सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला आणि बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे एक सवाल ठेवला. साच्याच्या खात्यात अस्पृश्याला का घेत नाहीत? साच्यावर पगार जास्त, रिंगखात्यात कमी. महाराच्या पोराने रिंगखात्यातच राहायचं. कारण सांगितलं जायचं ते असं, की धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागतं. मग ज्या धोट्याला आपलं तोंड लागलं त्याला मराठ्याने तोंड कसं लावायचं? लाल झेंडा खांद्यावर असला तरी तोंडाचा प्रश्न मिटत नव्हता. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच रेल्वेबद्दलही मांडलं. आपला माणूस वर्षानुवर्षं गँगमनच का राहतो, वर का सरकत नाही. लाहोरला जे भाषण होऊ दिलं नाही आणि १९३६ साली पुस्तक होऊन आलं, त्यात त्यांनी याचं मूळ दाखवलंय. काम वाटून घ्यायची गोष्ट वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वरखाली रचायची गोष्ट वेगळी.

हे डोक्यात ठेवून पिट्सबर्गच्या कोकच्या भट्टीवर चढा. भट्ट्या म्हणजे उंच, अरुंद, विटांच्या खोल्या, पुस्तकांसारख्या एकीला एक लावून उभ्या केलेल्या. त्यांच्या माथ्यावर भोकं आणि भोकांवर लोखंडी झाकणं. माथ्यावरच्या रुळांवरून कोळशाची गाडी येते. माणूस झाकण बाजूला करतो, गाडी कोळसा खाली सोडते, माणूस झाकण परत बसवतो आणि फटी लिंपतो. आत हजार अंशांच्या वर धग. कोळसा पडला की पिवळा-हिरवा धूर उसळून माणसाच्या तोंडावर येतो. पायाखालचा माथाच इतका तापलेला की रबराचा तळवा टिकत नाही, लाकडी तळव्याचे जोडे घालावे लागतात. सोळा-अठरा तासांनी कोळशाचा कोक होतो, तो ढकलून बाहेर काढतात आणि पुन्हा झाकण, पुन्हा धूर.

या माथ्यावर काळा माणूस. मशीन दुरुस्तीला, डांबर-गॅसच्या रसायन विभागात, कंट्रोलच्या खोलीत जास्त करून गोरा. मालक आणि त्यांचे मुकादम सरळ सांगायचे की काळ्यांना उष्णता सोसते, त्यांची कातडीच तशी. धोट्याच्या भोकाची सबब आणि कातडीची सबब या दोघी बहिणी आहेत. एक म्हणते तुझं तोंड चालत नाही, दुसरी म्हणते तुझं अंग फार चांगलं चालतं. निकाल मात्र एकच, तू त्या खात्यात.

तिथल्या युनियनचंही सांगायला पाहिजे. १९१९ साली पोलाद कामगारांचा मोठा संप झाला. तोवर बऱ्याच युनियनांनी काळ्यांना दारात उभं केलं नव्हतं. मालकांनी सुमारे तीस हजार काळे मजूर आणून संप फोडला. मग तेच गोरे कामगार म्हणू लागले, बघा, काळे फितूर. ज्याला आत घेतलं नाही त्याने बाहेर राहून काय करायला पाहिजे होतं, याचं उत्तर मला अजून कुणा कॉम्रेडने दिलेलं नाही.

आता धूर माणसाला मारतो हे कधी कळलं ते पाहा. १७७५ साली लंडनचा सर्जन पर्सिव्हल पॉट याने लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोषाचा कॅन्सर होतो आणि तो काजळीने होतो. लहानपणी त्या पोरांना धुराड्यात चढवायचे. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळलं आणि कॅन्सर उठवून दाखवला. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी डांबरातून ते विष वेगळं काढलं, त्याचं नाव बेंझोपायरीन. म्हणजे १९३३ साली कुणालाच शंका उरायला नको होती. सशाचा कान कळला होता. भट्टीवरचा माणूस कळायला आणखी अडतीस वर्षं गेली.

तो कळला असा. विल्यम लॉइड नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सोबत्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सात पोलाद कारखान्यांत १९५३ साली कामावर असलेल्या सुमारे ५९,००० कामगारांच्या नोंदी घेतल्या आणि पुढे कोण कशाने मेला हे शोधलं. पहिल्या हिशेबात एक विचित्र गोष्ट दिसली. कोकच्या खात्यातले काळे कामगार फुफ्फुसाच्या कॅन्सरने जास्त मरत होते. त्याच खात्यातले गोरे तसे मरत नव्हते. इथंच थांबला असता तर? मग अर्थ लावायला सगळे टपलेलेच होते. काळ्यांचं रक्तच तसं, फुफ्फुसच तसं, ते राहतातच तसे. आपल्याकडे सफाई कामगार चाळिशी-पन्नाशीत गेला की 'दारू प्यायचा' म्हणून फाइल बंद करतात, तसंच.

लॉइड थांबला नाही. त्याने कामगाराचा रंग बाजूला ठेवला आणि विचारलं, हा नेमका कुठं उभा राहायचा? माथ्यावर, भट्टीच्या बाजूला, की भट्टीपासून लांब? खात्याच्या आतली जागा मोजली. आणि गणित सुटलं. जे पाच वर्षं किंवा जास्त पूर्ण वेळ माथ्यावर होते त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेच्या दहापट. बाजूला उभे राहणाऱ्यांत त्याहून खूप कमी. भट्टीपासून लांब असणाऱ्यांत वाढ नाहीच. काळे जास्त मरत होते कारण माथ्यावर काळेच होते. खात्याचं नाव एक असलं तरी आतली जागा एक नव्हती. हा निष्कर्ष १९७१ साली छापून आला.

मला या माणसाबद्दल आदर वाटतो. त्याने भाषण केलं नाही, हजेरीपट वाचला. आपण कार्यकर्ते 'शोषण' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो आणि हजेरीपट एकदाही वाचत नाही.

त्यानंतर युनियनने रेटा लावला आणि १९७६ साली अमेरिकन सरकारने कोकच्या भट्ट्यांसाठी नियम केला. हवेत ते डांबरी विष घनमीटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर नको, कामगारांची तपासणी करा, झाकणं घट्ट ठेवा. पॉटपासून मोजलं तर दोनशे एक वर्षं.

पण नियमाने धूर कमी होतो, खातं बदलत नाही. खातं बदलायला दुसरी लढाई लागली. पोलाद कारखान्यांत ज्येष्ठता खात्याखात्याची असायची. वीस वर्षं भट्टीवर काढलेल्या काळ्या माणसाला चांगल्या खात्यात जायचं तर ती वीस वर्षं पुसून नव्या पोरासारखं तळाला उभं राहायचं. कपात आली की पहिला बाहेर तोच. दार उघडं आहे असं कागदावर लिहिलेलं आणि उंबऱ्यावर खड्डा खणलेला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या जोरावर काळ्या कामगारांनी कोर्टात खटले भरले. शेवटी १२ एप्रिल १९७४ रोजी नऊ पोलाद कंपन्या, युनियन आणि सरकार यांच्यात अलाबामाच्या बर्मिंगहॅममधल्या कोर्टात समझोता झाला. ज्येष्ठता आता सबंध कारखान्याची धरायची. मागची भरपाई म्हणून जवळजवळ तीन कोटी नऊ लाख डॉलर, सुमारे चाळीस हजार कामगारांत. भागाकार करून बघा, माणशी आठशे डॉलरही पडत नाहीत. आणि चेक घ्यायचा तर पुन्हा खटला भरणार नाही यावर सही. कितीतरी लोकांनी चिडून ते पैसे नाकारावेत का घ्यावेत यावर आपसात भांडणं केली. दहा वर्षं झाली नाहीत तोच पिट्सबर्ग-ओहायोकडचे पोलाद कारखाने एकामागून एक बंद पडायला लागले. कारखानाभरची ज्येष्ठता मिळाली तेव्हा कारखानाच जायला लागला होता. १९८२ च्या संपानंतरच्या गिरणगावातल्या माणसांना ही चव ठाऊक आहे.

आता छपराखाली कोण झोपलं, हेही थोडक्यात. दक्षिणेत कापूस पिकवणारा काळा कूळ-मजूर फळकुटांच्या झोपडीत राहायचा, वर-भोवती डांबरी कागद. १९३० च्या मंदीत बेकार गोऱ्यांनीही शहराबाहेर तशाच झोपड्या घातल्या. १९४२ साली अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना, त्यातल्या बहुतेक तिथल्याच नागरिकांना, छावण्यांत कोंडलं. तिथल्या बराकी लाकडी फळ्यांच्या आणि वर डांबरी कागद ठोकलेल्या. वाळवंटातली धूळ फटींतून आत यायची.

युद्ध संपलं आणि रंगीत डांबरी कौलांची घरं हजारांनी बांधली जाऊ लागली. न्यू यॉर्कजवळचं लेव्हिटाउन १९४७ साली सुरू झालं. सतरा हजारांवर घरं, सगळी एका साच्यातली, वर उतरतं छप्पर, परत आलेल्या सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज. करारात मात्र अट होती की घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहायचं नाही. घरगडी-मोलकरीण असेल तर चालेल. म्हणजे आपल्या गावासारखंच, आवारात येऊन झाडू मारायची मुभा आणि ओसरीवर बसायला बंदी. युद्धात लढलेला काळा सैनिकही दाराबाहेर. १९५७ साली पेन्सिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं मुलंबाळं घेऊन राहायला आलं तेव्हा घरासमोर शेकडोंचा जमाव जमला, दगड आले, पोलीस बसवावे लागले. घर घेताना जात विचारायची नाही असा कायदा व्हायला १९६८ साल उजाडलं. मुंबई-पुण्यात भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या पोरांना आडनाव विचारतात तेव्हा 'व्हेज-नॉनव्हेज' असा आडून प्रश्न येतो, हे आपण जाणतोच.

छपरावर चढणारा माणूस राहिला. सपाट छपराचं काम अजूनही कढईचं. डांबराचे ढेप फोडून कढईत टाकायचे, वितळलं की बादलीने वर न्यायचं आणि पसरायचं. कोळशाच्या डांबराचा धूर अंगावर बसला आणि वर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी सोलवटते. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने यावर ग्रंथ काढला. कोळशाच्या डांबराचं छप्पर घालणं कॅन्सर करतंच, आणि हवा फुंकलेल्या तेलाच्या डांबराचं काम बहुधा करतं, असं त्यात नोंदवलंय. आपल्याकडे गच्चीवर गळती थांबवायला कढई लावतात, सडकेवर लावतात. तिथं कोण उभा असतो, तोंडाला काय बांधतो, कुठल्या गावचा आणि कुठल्या जातीचा, किती वर्षं करतोय, हे विचारायला कुठल्या विद्यापीठाची पदवी लागत नाही. वही आणि पेन्सिल लागते. एका तालुक्यातली पन्नास नावं लिहून कुणी पाठवली तर या अंकाची चार पानं कवितेऐवजी त्यालाच द्यावीत, मी माझी कविता मागे घेतो.

अमेरिकेत आज शिंगलचे तीस-तीस किलोचे गठ्ठे खांद्यावर घेऊन शिडी चढणारा मजूर बऱ्याच ठिकाणी मेक्सिको, होंडुरास, ग्वाटेमालाचा आहे. त्यातल्या अनेकांकडे कागदपत्रं नसतात, म्हणून पडला तरी बोंब मारता येत नाही. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले, काळ्यांच्या वस्त्या बुडाल्या, छपरं उडाली. राहिलेल्या घरांवर सरकारने निळी ताडपत्री टाकली. सरकारी कामावर त्या भागातल्या चालू दराने मजुरी द्यावी असा १९३१ चा कायदा तिथं आहे. ८ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी वादळग्रस्त भागापुरता तो स्थगित केला. ओरड झाली. दोन महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, कायदा परत लागू झाला. मधल्या दोन महिन्यांत जे ठेके देऊन झाले होते त्यांना तो लागू नव्हता.